बाळाला सोसेल तेवढंच गरम

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, दोन सेकंद पाहिला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "माँजी के अंगूठे का जोड़ घिस गया है. इनसे अब काम मत करवाना."

अंगठा माझा होता. एक्स-रे माझा होता. केसपेपरवर नाव माझं होतं. आणि बोलणं चाललं होतं यांच्याशी, जे भिंतीवरच्या हाडांच्या सापळ्याचं चित्र बघत बसले होते. माझं वय चौपन्न. डॉक्टरांचे केस माझ्यापेक्षा पांढरे होते. माँजी म्हणे.

मी मुद्दाम मराठीत विचारलं, "रोगाचं नाव काय?" त्यांनी मान खाली घालून लिहिता लिहिताच सांगितलं, "ऑस्टिओआर्थ्रायटिस." पुढे काही नाही. दुखण्याच्या गोळ्या, एक मलम, अंगठ्याला बांधायचा पट्टा आणि "आराम". तीन मिनिटांत आम्ही बाहेर, पुढचा पेशंट आत.

त्या शब्दाचा अर्थ मला पुढे दहा-बारा दिवसांनी कळला. तो इथेच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला तेवढं थांबायला नको. दोन हाडं जिथे जुळतात तिथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचं अस्तर असतं. ते झिजतं. मग सांधा दुखतो, सुजतो, सकाळी आखडतो. माझी झीज अंगठ्याच्या मुळाशी आहे, मनगटाला लागून, दोन्ही हातांत, उजव्यात जास्त. गेलेलं अस्तर परत येत नाही, पण दुखणं कमी करता येतं आणि हात चालता ठेवता येतो. एवढं बोलायला किती वेळ लागतो? मी आत्ताच मोठ्याने वाचून पाहिलं, अर्धं मिनिटही लागत नाही.

आणि "काम मत करवाना". जसं काही हे मला कामाला पाठवत होते.

माझं काम बाळं न्हाऊ घालायचं. बाळंतिणीला तेल लावून मालिश, शेगडीवर शेक, ओव्याची धुरी, मग बाळाची मालिश आणि आंघोळ. हे मी तीस वर्षं केलं. सासूबाईंकडून शिकले. त्या भाईंदरच्या गोडदेवात घरोघरी जायच्या, तेव्हा गोडदेव गाव होतं आणि मागे मिठागरं होती. मी शिकेपर्यंत बिल्डिंगी आल्या. मग मी बिल्डिंगींत जाऊ लागले, मग मीरा रोडच्या टॉवरमध्ये. गुजराती, मारवाडी, मुसलमान, मल्याळी, सगळ्यांची बाळं या हातांखालून गेली. कुणी मावशी म्हणायचं, कुणी आंटी. नाव फार थोड्यांनी विचारलं. माझं नाव सुलभा.

लोकांना वाटतं मालिश तळहाताने होते. ती अंगठ्याने होते. कंबरेचा मणका मोकळा करायचा तर अंगठा, तळपाय दाबायचा तर अंगठा, बाळाची मान धरायची तर अंगठा आणि पहिलं बोट. दिवसाला तीन घरं, कधी चार. कुणा बाळंतिणीला वाटलं नाही की आपल्याला दाबणाऱ्या बाईचे हात दुखत असतील. माझ्या घरात तरी कुठे कुणाला वाटलं?

सुरुवात तांब्यापासून झाली. दिवाळीनंतर एका सकाळी भरलेला तांब्या उचलला आणि अंगठ्याच्या मुळात सुई घुसल्यासारखी कळ आली. मी तांब्या डाव्या हातात घेतला आणि विसरले. मग लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना. मग लंगोट पिळता येईना. सकाळी उठल्यावर हात दहा-पंधरा मिनिटं लाकडाचे व्हायचे. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरं गेली असती. मालिशवाली बाईच हात दुखतो म्हणायला लागली तर तिला कोण बोलावणार?

आता जे लिहिते ते मी फार दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं. मीरा रोडच्या हाटकेशमध्ये एका घरी बावीस दिवसांची मुलगी होती. आमची पद्धत अशी की बाई पाटावर पाय लांब करून बसते आणि बाळाला नडग्यांवर पालथं घेते. त्या दिवशी पाठ झाली आणि मी तिला उताणी करायला उचललं. तेल लावलेलं, ओलं बाळ. माझ्या उजव्या अंगठ्यातला जोर अचानक गेला. बिजागरी निखळावी तसा तो लुळा पडला. बाळ पायांवरून फरशीकडे घसरलं.

मी दोन्ही गुडघे आवळले. बाळ गुडघ्यांच्या फटीत अडकलं. डोकं फरशीपासून चार बोटांवर होतं. ते रडलंसुद्धा नाही. आई आतल्या खोलीत फोनवर बोलत होती.

मी बाळाला पुसलं, पावडर लावली, दुपट्यात गुंडाळून आईच्या मांडीवर दिलं. म्हटलं, "मैं कल से नहीं आ सकती, गांव जाना है." माझं गाव गोडदेव. तिथून रिक्षाने वीस मिनिटं. त्या दिवसानंतर मी कोणत्याच घरी गेले नाही.

असं झाल्यावर आम्ही त्या डॉक्टरांकडे गेलो होतो. आणि मला उत्तर हवं होतं ते एकाच गोष्टीचं. माझी मुलगी प्राची तेव्हा पाचव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण. सातव्यात ती वसईहून माझ्याकडे यायची होती. लोकांची किती पोरं न्हाऊ घातली त्याची मी मोजदाद ठेवली नाही. पण माझ्या पोरीचं बाळ माझ्या पायांवर न्हाणार, हे ती शाळेत होती तेव्हापासून ठरलेलं होतं. डॉक्टरांना मी विचारणार होते, चार महिन्यांत हात बरा होईल का? विचारायच्या आत त्यांनी घंटी वाजवली.

घरी येताना माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. मी ठरवलं, गेले खड्ड्यात डॉक्टर. शेक आणि मालिश हेच औषध ना? ते तर माझं. जगाला मी दिलं, मला मीच देईन.

बायांनो, इथे मी जे केलं ते करू नका. मी आधी दोन्ही अंगठ्यांना बाम चोळला, चांगला जाड. मग शेगडी पेटवली. निखाऱ्यावर फडकं तापवून सांध्यावर दाबून धरलं. बाळंतिणीच्या कंबरेला देते त्याच्याही वर गरम. कारण मला वाटायचं, जितकं भाजेल तितकं आतलं दुखणं निघेल. मग एका अंगठ्याने दुसऱ्या अंगठ्याचं मूळ दाबलं, दातओठ खाऊन, आतून कट्ट आवाज येईपर्यंत. मग बोटं एकेक करून ओढली. सकाळ-संध्याकाळ, चार दिवस. दुखलं की मी आणखी जोरात दाबायचे. त्या सांध्यावर माझा राग होता, खरंच सांगते. त्याने मला त्या बाळासमोर खाली पाडलं होतं.

पाचव्या दिवशी उजवा हात टमाटरासारखा लाल, आणि अंगठ्याखाली हा एवढा फोड. बाम लावलेल्या कातडीवर शेक दिला की भाजतं, हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं शेक देणाऱ्या बाईला माहीत नव्हतं. यांनी फोड पाहिला आणि म्हणाले, "डॉक्टरनी आराम करायला सांगला व्हता ना." मी ताट आपटलं.

फोडावर पट्टी करून घ्यायला सरकारी दवाखान्यात गेले. पट्टी करणाऱ्या सिस्टरने हात उलटा-पालटा करून पाहिला आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं, फिजिओथेरपी विभाग, खोली नंबर इतका. फिजिओथेरपी म्हणजे शेक, मालिश आणि व्यायाम यांनी उपचार. मला हसू आलं. मलाच मालिशवालीकडे पाठवत होते.

खोलीबाहेर बाक होता. त्यावर गुडघेवाले, मानवाले, खांदेवाले. एक उत्तनची कोळीण बसली होती, मासळी साफ करून करून तिची बोटं वाकडी झालेली. दोघींनी एकमेकींचे हात पाहिले, ओळख झाली नाही तरी. दोन तास बसलो. नंबर पुकारणारा माणूस जेवायला गेला तो गेलाच. मी उठून भांडले. भांडून काही झालं नाही, पण बरं वाटलं.

आत एक मॅडम होत्या, प्राचीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांनी एक्स-रे पाहिला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या. वर लिहिलेला कूर्चेचा सगळा अर्थ त्यांनी सांगितला, कागदावर हाताचं चित्र काढून. तिथल्या डॉक्टरांना सांगून रक्ताच्या तपासण्याही करायला लावल्या. आर ए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी अशी त्यांची नावं. संधिवाताचा दुसरा एक प्रकार असतो, त्यात शरीरच स्वतःच्या सांध्यांवर उलटतं आणि त्याला वेगळी औषधं लागतात. तो नाही ना, याची खात्री. माझ्यात तो नव्हता. तुमची बोटं दोन्ही हातांत सारखी सुजत असतील, सकाळचं आखडणं तासभर हटत नसेल, तर शेकत बसू नका, आधी ही तपासणी करून घ्या.

मग त्यांनी विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं. "बाळाचं पाणी कसं तपासता?" मी कोपर वाकवून दाखवलं. हाताच्या तळव्याला गरम सोसायची सवय झालेली असते, तो खोटं सांगतो. कोपर खरं सांगतं. हे मी कितीतरी नव्या आयांना शिकवलंय.

मॅडम माझ्या फोडाकडे बघत म्हणाल्या, "मग स्वतःच्या हाताला शेक देताना कोपर कुठे गेलं होतं?"

मला त्यांचा इतका राग आला. माझ्या मुलीच्या वयाची बाई मला माझंच काम शिकवते. मी उठून जाणार होते. पण त्या पुढे म्हणाल्या, "मावशी, बाळाला सोसेल तेवढंच गरम. बाळाला सोसेल तेवढाच दाब. एवढं एकच लक्षात ठेवा, बाकी सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं." मी परत बसले. राग गेला नव्हता, पण तो आता कुणावर काढायचा ते कळेना.

फोड भरेपर्यंत शेक नाही. दहा दिवस फक्त थंड पाण्याचं फडकं, कारण सांधा लाल आणि गरम असेल तेव्हा शेक द्यायचाच नसतो, थंड द्यायचं. मला हेही माहीत नव्हतं. आम्ही सगळ्याला गरमच देतो.

फोड भरल्यावर मेणाचा शेक सुरू झाला. त्याला पॅराफिन वॅक्स बाथ म्हणतात. डब्यात वितळलेलं मेण असतं, त्याची उष्णता मशीन बांधून ठेवतं. हात बुडवायचा आणि काढायचा, पुन्हा बुडवायचा, असं सात-आठ वेळा, की हातावर मेणाचा मोजा चढतो. वरून प्लास्टिकची पिशवी, त्यावर टॉवेल. वीस मिनिटं. घरी गॅसवर मेण वितळवायच्या भानगडीत पडू नका, मॅडमनी चांगलं बजावून सांगितलंय, भाजतं आणि पेटही घेतं.

वीस मिनिटांनी मॅडमनी मेण सोललं आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. बोटावर तेलाचे दोन थेंब. सांध्यावर दाब नाही, त्याच्या भोवताली गोल गोल. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा, मग अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा, जी माझी दगडासारखी झाली होती. बोटं ओढायची नाहीत, मोडायची नाहीत.

मी रडले. दुखत नव्हतं म्हणून रडले. तीस वर्षांत या हातांना कुणी हात लावला नव्हता, आणि हे मला त्या खुर्चीत बसेपर्यंत कळलंच नव्हतं. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त संताप आला. कुणाकुणाच्या कमरा, कुणाकुणाचे पाय, आणि माझ्या हातांना सरकारी खोलीत नंबर लावून पाच मिनिटं.

मॅडमनी विचारलं, "घरी कोण करेल? तुमचे दोन्ही अंगठे दुखरे आहेत, स्वतःची मालिश स्वतः केलीत की एक बरा होईल आणि दुसरा बिघडेल." मी म्हटलं, कुणी नाही. त्या म्हणाल्या, "बाहेर बसलेले ते काका कोण?"

आमच्या यांची ओळख करून देते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात यांनी सगळी नोकरी केली. भांड्याला पॉलिशचा साबण फासून गरगरत्या चाकावर धरायचं, चकाकी येईपर्यंत. दोन वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला. तेव्हापासून सकाळी देवळाच्या कट्ट्यावर पेपर, दुपारी पत्ते. माणूस वाईट नाही. कधी हात उगारला नाही, दारूला शिवला नाही. पण मी कामावरून आले की यांना चहा लागायचा, आणि तो मी करायचे. यात काही वेगळं असू शकतं हे त्यांना सुचलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. जास्त राग कशाचा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

मॅडमनी यांना आत बोलावलं आणि माझा हात यांच्या हातात दिला. हे घाबरले. "मना न्हाय जमनार. माझं हात कारखान्यातलं हायेत." मॅडम म्हणाल्या, "जमेल. रोज सकाळी."

तर रोज सकाळी. पितळेच्या घमेल्यात कोमट पाणी, कोपराने तपासलेलं. पंधरा मिनिटं दोन्ही हात बुडवून ठेवायचे, पाण्यातच बोटं उघडमीट करायची. मग टॉवेलने टिपून, यांच्यासमोर हात. पहिल्या दिवशी यांनी हात असा काही घासला की मी ओरडले, "ही परात हाय काय? माझा हात हाय." हे म्हणाले, "मंग तूच कर." दुसऱ्या दिवशी तेल एवढं घेतलं की चादरीवर सांडलं. तिसऱ्या दिवशी मी हात काढून घेतला आणि दोन दिवस दिलाच नाही. घरात भांडीसुद्धा आवाज न करता ठेवली जात होती.

मग मी यांना एका वाक्यात शिकवलं. मॅडमचंच वाक्य, माझ्या शब्दांत. "नुकतंच जन्मलेलं पोर हाय असं समजा." यांनी माझा हात तसा धरला. खालून तळवा, वरून बोटं, जसं काही ते लवंडेल. त्या दिवसापासून यांचा हात बदलला.

आठवडाभराने, माझ्या अंगठ्याभोवती बोट फिरवता फिरवता, मान खाली घालूनच यांनी विचारलं, "एवढं दुखत व्हतं तं सांगलंस का न्हाय?" मी म्हटलं, "विचारलंत का कधी?" यांनी हात मात्र थांबवला नाही.

फरक हळूहळू पडला. दोन महिन्यांत सकाळचं आखडणं जवळजवळ गेलं. पट्टा बांधून भाजी चिरता येऊ लागली. झाकण रबराचं फडकं लावून फिरवायचं, चहाचं भांडं दोन तळव्यांत धरायचं, पिशवी बोटांत न लटकवता कोपरावर अडकवायची, असल्या शंभर युक्त्या मॅडमनी शिकवल्या. ज्या दिवशी जास्त काम होई त्या दिवशी सांधा पुन्हा फुगायचा आणि मी पुन्हा चिडायचे. रोग पळून गेला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो घरात राहतो, तुम्ही त्याला शिस्त लावता इतकंच.

प्राची सातव्यात आली. आल्या दिवसापासून शेजारणींना सांगत सुटली, माझी आईच न्हाऊ घालणार, मला काही टेन्शन नाही. ती असं म्हणाली की मी उठून कुठलं तरी काम काढायचे. मी मॅडमकडे गेले आणि स्पष्ट विचारलं. त्यांनी माझ्या हातात रबराचा चेंडू दिला, दाबायला लावला. मग तोच ओला करून दिला. माझ्या चिमटीतून तो निसटला आणि टेबलाखाली गेला. पुन्हा दिला, पुन्हा गेला.

मॅडम म्हणाल्या, "दुखणं कमी झालंय, पण पकड आली नाही. ओलं बाळ उचलू नका."

त्या दिवशी मी दवाखान्यातून चालत घरी आले. रिक्षात बसले असते तर कुणाशी तरी भांडले असते. तीस वर्षांच्या त्या प्रत्येक घराचा मला राग आला, जिथे "मावशी, जरा जोर से" ऐकलं होतं. जोर दिला ना? सगळा तिथेच दिला. माझ्या पोरीसाठी उरला नाही.

संध्याकाळी प्राची जुन्या सुती साड्यांची दुपटी करत बसली होती. मी तिला हाटकेशच्या बाळाचं सांगितलं. काही लपवलं नाही. गुडघे आवळलेले, चार बोटांवरची फरशी, गावाला जायचं खोटं. सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती कात्री खाली ठेवून पोटावर हात धरून बसली. मग म्हणाली, "आई, मग आता कोण घालणार?"

"मी घालतो," दारातून आवाज आला.

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. हे चपला काढत होते. प्राचीला हसू फुटलं. मला नाही. मी म्हटलं, पुरुष माणूस बाळ न्हाऊ घालतो हे गोडदेवात कुणी ऐकलंय का? हे म्हणाले, तीस वर्षं साबण लावलेलं भांडं फिरत्या चाकावर धरलं. भांडं सुटलं असतं तर माझं किंवा बाजूच्याचं डोकं फुटलं असतं. एकही सुटलं नाही. इतकं लांब तर हे लग्नाच्या बोलणीतसुद्धा बोलले नव्हते.

मी दोन दिवस तोंड फिरवून होते. माझं काम, माझी जागा, आणि ती यांना द्यायची? ज्यांनी प्राचीला लहानपणी एकदासुद्धा पायावर घेतलं नाही? पण तिसऱ्या दिवशी सकाळी हे माझ्या हातांना मालिश करत होते आणि मी बघत राहिले. खालून तळवा, वरून बोटं, सांध्याला धक्का नाही. बाळाची मान अशीच धरतात. मी तीन महिने माझ्याच हातांवर यांना शिकवत होते आणि मला पत्ता नव्हता.

मी बाजारातून एक लांब दुधी आणला. त्याला तेल चोपडलं. यांना पाटावर पाय लांब करून बसवलं आणि दुधी नडग्यांवर ठेवला. पालथा, उताणा, पालथा, उताणा. वरून पाणी. मी बाजूला स्टुलावर बसून ओरडत होते. मान धरा. दुधीला मान कुठे, हे म्हणाले. जिथे देठ आहे तिथे. खिडकीतून शेजारच्या दोघी बघून पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी त्यांना विचारलं, तुमच्या घरातल्यांना येतं का एवढं? त्या गेल्या. आठ दिवसांत तीन दुधी झाले. भाजी खाऊन खाऊन प्राची कंटाळली, पण एकही दुधी फरशीवर पडला नाही.

मुलगी झाली. नाळ पडेपर्यंत नुसतं पुसायचं, असं बाळांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेवढे दिवस थांबलो. मग एका सकाळी हे हाफ पँट घालून पाटावर बसले. कोरडे हात दोनदा टॉवेलला पुसले. मी म्हटलं, "बिनधास्त. दुधी समजा." प्राची दारात उभी होती, पांढरी पडलेली. मी बाळ माझ्या दोन्ही कोपरांवर आणून यांच्या पायांवर ठेवलं.

यांनी तिची मान धरली, खालून तळवा, वरून बोटं. पाणी मी ओतलं, दोन कानांचा हलका मग घेतलाय, तो दोन तळव्यांत धरता येतो. पाठ झाली. उताणी करायची वेळ आली तेव्हा माझे गुडघे आपोआप आवळले गेले, मी स्टुलावर बसलेली असूनही. यांनी तिला अलगद फिरवलं. ती जांभई देऊन तशीच पडून राहिली.

मी कृतज्ञ वगैरे आहे का? त्या मॅडमची आहे, आयुष्यभर राहीन. प्राचीची आहे, सगळं ऐकूनही तिने बाळ आमच्या हाती दिलं. यांची आहे, पण यांना सांगितलेलं नाही, आणखी थोडे दिवस सांगणारही नाही. जे हात तीन महिन्यांत शिकले ते तीस वर्षांपूर्वीही शिकले असते. तेवढ्याचा राग मी सोडणार नाही आणि कुणी सोड म्हणूही नये.

मालिश करणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या, शिलाई मारणाऱ्या, मासळी साफ करणाऱ्या माझ्या बायांनो, अंगठा दुखायला लागला की त्याच दिवशी बोला. घरात ज्याचे हात धड आहेत त्याला समोर बसवा आणि आपले हात त्याच्या हातात द्या. तो चुकेल, तुम्ही ओरडा. शिकतो.

आता आमच्याकडे रोज सकाळी एकच घमेलं पाणी तापतं. मी कोपर बुडवून बघते. त्यातलं थोडं काढून आधी माझे हात, पंधरा मिनिटं, मग यांच्याकडून मालिश. तोवर यांचेही हात ऊबदार झालेले असतात. मग बाळ.

आंघोळ झाली, दुपट्यात गुंडाळलं, की हे तिला माझ्या मांडीवर ठेवतात. तेलाची वाटी प्राची पुढे करते. टाळू मी भरते. त्याला अंगठा लागत नाही, पकडही लागत नाही, नुसता तळवा हलका टेकवायचा असतो, आणि तो माझा अजून शाबूत आहे.